लेडीज टेलरला मिठाचे पाणी न पाजण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र,
धाड परिसर, जि. बुलढाणा.

विषय : अर्जदारास फवारणीची विषबाधा झालेली नसल्याचे सही-शिक्क्यानिशी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदारास या हंगामात आपल्याकडे तीनदा उचलून आणल्याची नोंद.

महोदय,

१. अर्जदार जहांगीर, लेडीज टेलर, यास शेती नाही. फवाऱ्याचा पंप त्याने जन्मात पाठीवर घेतलेला नाही.

२. शेजारी रामराव गतसाली बीटी कपाशीवर फवारताना शेतात कोसळले, सुदैवाने वाचले. तेव्हापासून गल्लीत कोणास घाम फुटून हात थरथरले की ते मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन धावतात. माणूस सोन्यासारखा आहे, हीच मोठी अडचण आहे. पोळ्यानंतर मुलीचा शरारा बेतताना अर्जदाराची छाती एकाएकी धडधडू लागली, श्वास पुरेना, आता मेलोच असे वाटले. रामराव म्हणाले, "मास्तर, आ करा! फवाऱ्याचंच हाय हे!" पंपाचा खुलासा केला असता, "तुमी नसंन मारला, पन वावरातून हवा त आली ना?" जीप आपल्या दारी पोचेतो धडधड थांबली होती. उलट्या थांबल्या नव्हत्या.

३. आपण ईसीजी काढून हृदय ठणठणीत असल्याचे सांगितले व समजावले की, अचानक येऊन दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो व ओसरतो तो पॅनिकचा झटका. पुढील दोन वेळा मात्र तसे नव्हते. मुलीच्या लग्नाला दुसरबीडहून येणाऱ्या वऱ्हाडाचा आकडा दीडशेवरून चारशे झाल्याचे कळल्यापासून झोप उडाली, मान आखडली, पोटात गोळा आला आणि तो दोन दिवस वाढतच गेला. ती चिंता. अर्जदारास आता फरक नीट कळतो. झटक्यात हातातून कात्री पडते. चिंतेत कात्री चालते, पण दोन्ही बाह्या डाव्याच निघतात.

४. हे सर्व रामरावांना सांगितले. "हाव, समजलं," म्हणून त्यांनी विचारले, "मंग कोनत्याले गरम पानी द्याचं अन् कोनत्याले थंडं?" खरी विषबाधा असली तरी मिठाचे पाणी न पाजता थेट दवाखाना गाठावा, हे आपले म्हणणे ते शिक्क्याशिवाय मानणार नाहीत.

५. रविवार, दि. २५ रोजी मुलगी गुलनाजचा निकाह आहे. मांडवात अर्जदारास आडवे पाडून ओकवले, तर मुलीच्या बापाने फवारणीचे औषध प्यायले असा वऱ्हाडाचा समज होईल, आणि हल्लीच्या दिवसांत तो कोणी खोडूनही काढू शकणार नाही. अर्जदारास याचीच धास्ती आहे. तरी लेखी पत्र शनिवारपूर्वी मिळावे.

६. त्यात एक ओळ वाढवावी, ही विनंती. मुलगी सासरच्या जीपमध्ये बसताना अर्जदाराचा श्वास अडकेल, हात कापतील. तो झटका नव्हे, चिंता नव्हे, विषबाधा तर नव्हेच. ते होऊ द्यावे. गुलनाज रामरावांच्याच ओट्यावर खेळून मोठी झाली असल्याने त्यांनाही त्या वेळी तसेच होणार आहे. त्यांनाही कोणी काही पाजू नये.

आपल्या शिक्क्यावर भिस्त ठेवून असलेला,
जहांगीर, लेडीज टेलर
दि. १२ ऑक्टोबर २००९

सोबत : ईसीजीची प्रत, लग्नपत्रिका (सहकुटुंब यावे).