टेपचं झाकण

गोंडपिपरी, डिसेंबर १९८८

चि. सत्यशीला, जयभीम.

पुण्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून जाताना तू मले टेप घेऊन देल्ला, त्याचं झाकण तुटलं. तुह्या आवाजाची कॅसेट बाहेर येत जाये, म्हणून वाजेपर्यंत मी ती अंगठ्यानं दाबून बसत होतो.

शेवटी चंद्रपूरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणे, "भाऊ, नाजूक प्लॅस्टिकले ग्यारंटी नसते."

मी म्हटलं, "मंग विकताना काऊन नाई सांगतलं? कार्डावर कुठी लिहून हाय, दाखवा. ग्राहकाचा कायदा झाला हाय आता."

त्यानं कार्ड उलटून पाह्यलं अन् नवीन झाकण बसवून देल्लं.

जिंकलो, पोरी. पण आता "बाबा, जेवून घ्या" असं तू म्हणतेस, तवा अंगठा नुसता झाकणावर टेकते. पहिले कॅसेट अंगठ्याखाली थरथरे. कोणी हात धरून बसल्यावानी वाटे.

हे पत्र टाकत नाई. वाचशील तर नवा टेप धाडून देशील. मले टेप नाई पाह्यजे.

तुहा बाबा,
वामन