वारलेल्या भावाची साक्ष आणि घराचा हक्क

मी, पुरिफिकासियोन अल्तामिरा, गावात सगळ्यांची पुरिंग, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, व्यवसाय पूर्वी पियानो शिकवणे व आता काहीच नाही, राहणार नेग्रोस बेटावरील सांता रोसेन्दा, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कान डावीकडून कमी ऐकतात, पण मृत्युपत्राला कानांची गरज नाही असे वकीलबाई म्हणतात. कोणीही मला धाक घातलेला नाही, भूल पाडलेली नाही, आणि बाजूच्या खोलीतून जी बडबड ऐकू येते आहे ती मी जेवायला उठत नाही म्हणून आहे, मिळकतीसाठी नाही. मला मूलबाळ नाही, आईवडील व दोन्ही मोठी भावंडे वारली आहेत. त्यामुळे माझी मिळकत कोणाला द्यावी हे ठरवण्याचा अधिकार माझा एकटीचा आहे.

कलम पहिले. माझे दफन.

ते एकदाच करावे. हे लिहिण्याची गरज आहे, कारण आमच्या घरात वेगळी पद्धत होती. माझी थोरली बहीण एस्कोलास्तिका, जिला आम्ही मानांग, म्हणजे ताई, म्हणायचो, स्वतःच्या अंत्ययात्रेची दरवर्षी फेब्रुवारीत तालीम घेत असे. नार्रा लाकडाची शवपेटी तिने चाळिशीतच करवून घेतली होती. तालमीच्या दिवशी ती त्यात झोपे, गावचा बँड वाजे, आणि आम्ही रडायचो. मध्येच ती डोळे उघडून म्हणे, "ए, तू ओठ दाबून रडू नकोस, पोट दुखल्यासारखं वाटतंय. आणि क्लॅरिनेटवाल्याला कोणीतरी पाणी द्या." मग अंगणात सगळ्यांना जेवण. खरोखर गेली तेव्हा बत्तीस तालमी झालेल्या होत्या आणि तरीही एकालाही नीट रडता आले नाही, सगळे हुंदके देत कसेबसे उभे होते. तिने पाहिले असते तर ती चिडली असती.

मला बँड नको. साधी पेटी, आणि तीही मी गेल्यावर आणावी.

कलम दुसरे. पियानो.

गावच्या शाळेला. मात्र सध्याच्या मुख्याध्यापकांनी तो स्वतः वाजवू नये. त्यांनी माझ्याकडे चार वर्षे शिकवणी घेतली होती, म्हणून मी हे माहितीने लिहिते.

कलम तिसरे. चित्रपटाची रिळे, भावाचा पांढरा सूट, आणि ती हकीकत.

रिळांचे सहा डबे व सूट प्रांताच्या संग्रहालयाला द्यावेत. तिथल्या मुलीने पत्र लिहून विचारले आहे की हा सूट "कोणत्या भुताचा" आहे. त्याचे उत्तर इथे नोंदवते, म्हणजे पुढे कोणी चुकीची पाटी लावणार नाही.

सूट माझा भाऊ मानोंग, म्हणजे दादा, क्रिस्पुलो याचा. तो लढाईत होता. १९४५ साली त्याच्या तुकडीतल्या बारा जणांना मृत म्हणून नोंदले गेले. त्यांतले अकरा खरेच गेले होते. क्रिस्पुलो पाच महिन्यांनी चालत घरी आला. दोन वर्षांनी चौकात स्मारकाचा दगड बसवला, त्यावर बारा नावे होती. तो ते पाहून आला, टोपी खुंटीला अडकवली, आणि त्यानंतर फाटकाबाहेर गेला नाही. कोणी भेटायला आले तर वरून सांगे, "मी वारलोय. पुरिंगशी बोला." आम्ही हसत असू. का असे करतो हे मात्र विचारले नाही. आमच्या घरात कोणी कोणाला विचारत नसे. एक पेटीत झोपत होती, एक वारलेला होता, आणि मी दोघांना पानात वाढत होते.

१९६८ साली मनिलाहून सिनेमावाले आले. त्यांना भुतांच्या कुटुंबाचा विनोदी भयपट काढायचा होता. हवेली, तीत चमत्कारिक माणसे, आणि त्यांच्याकडे घरपट्टी वसूल करायला आलेला एक बिचारा कारकून. नाव होते "पाहुणे आले, झाकणं उघडा". दिग्दर्शक रुस्तिको पांगिलिनान आमची हवेली भाड्याने घ्यायला आले. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, झुंबरे, वटवाघळे, सगळे त्यांना आयते मिळाले. पहिल्याच दिवशी भुताचे काम करणारा नट दिवाणखान्यात शिरला. मानांग पेटीत दुपारची झोप घेत होती. ती उठून त्याला म्हणाली, "पाय पुसून आत ये." तो तसाच बंदरापर्यंत पळाला आणि पहिल्या बोटीने गेला.

दिग्दर्शक डोके धरून बसले होते. तेवढ्यात क्रिस्पुलो जिन्यावरून उतरला. ड्रिल कापडाचा पांढरा सूट, सावलीत राहून फिकटलेला चेहरा, डावा खांदा जरा पडलेला.

"हे कोण?" दिग्दर्शकांनी मला विचारले.

"माझा थोरला भाऊ. तो वारलाय."

ते क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. "किती घेतील?"

अशा रीतीने तो भूत झाला, आणि मानांग भुतांची आई. लिहून दिलेले एकही वाक्य मानांगने म्हटले नाही. ती रोज बोलते तेच बोलली.

रंगभूषेला होबिता माकालिन्ताल नावाची बाई होती. वय सत्तावीस, मनिलाची, तोंडाने फटकळ. तिने क्रिस्पुलोला खुर्चीत बसवले, डोळे मिटायला सांगितले, आणि तांदळाची पिठी लावता लावता सरळ विचारले, "मानोंग, तुम्ही बाहेर का नाही हो जात?"

मी मागे टॉवेल घेऊन उभी होते. एकवीस वर्षे आम्ही जे विचारले नव्हते ते या बाईने तिसऱ्या दिवशी विचारले. मला वाटले, आता हा उठून जाईल.

तो डोळे मिटूनच म्हणाला, "यादीत आम्ही बाराजण. मी माझं नाव खोडायला गेलो, तर ते अकराजण म्हणतील, तेवढा तूच निघालास काय रे?"

होबिताने पिठी पुन्हा बोटांवर घेतली. मग ती म्हणाली, "हनुवटी वर करा." आणि दुसऱ्या गालाला पिठी लावू लागली. मी टॉवेलात तोंड खुपसले.

चित्रपट लागला. मानांग लेसची ओढणी घेऊन पहिल्या खेळाला गेली. तिला वाटत होते लोक घाबरतील. ती पडद्यावर पेटीतून उठताच थिएटर हसले. तिने उभे राहून मागे वळून विचारले, "कोण हसलं?" मग तर लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मध्यंतरापर्यंत ती दोन्ही बाजूंना मान झुकवून नमस्कार घेत होती. क्रिस्पुलो गेला नाही.

होबिता तीन आठवड्यांसाठी आली होती. काम संपल्यावर तिने सामान बांधले, मग पुन्हा सोडले आणि इथेच राहिली.

कलम चौथे. चुलतभाऊ लेओन्सियो.

हा अजून हयात आहे, हे लक्षात घेऊनच मी लिहिते. वडिलांनी १९४० साली मृत्युपत्र केले होते. घर तिन्ही मुलांचे. पण जे मूल वडिलांच्या आधी निपुत्रिक वारेल, त्याचा हिस्सा पुतण्या लेओन्सियोला. वडील १९५१ला गेले. मृत्युपत्र बदलायचे राहिले. वीस वर्षांनी लेओन्सियोला आठवले की सरकारी नोंदीप्रमाणे क्रिस्पुलो १९४५लाच वारला आहे. त्याने दावा लावला. हिस्सा मिळाला की घर मोडून तिथे साखरेचे गोदाम बांधायचे, असे तो गावभर सांगत होता.

समन्स घेऊन कोर्टाचा माणूस आला. क्रिस्पुलोनेच दार उघडले आणि अदबीने सांगितले, "ते वारले. यादी बघा." त्या माणसाने शेरा लिहिला: "संबंधित इसम मयत, असे खुद्द संबंधित इसमाने सांगितले." हा कागद मी अजून ठेवला आहे. तोही संग्रहालयाला द्यावा.

लेओन्सियोच्या वकिलाचे म्हणणे असे की, घरात जो कोणी राहतो तो लढाईनंतर आलेला भलताच माणूस आहे. खऱ्या क्रिस्पुलोला लढाईआधी ओळखणारी म्हातारी माणसे गावात होती, पण चित्रपट पाहिल्यापासून त्यांतले कोणी आमच्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हते. आणि क्रिस्पुलो कोर्टात यायला तयार नव्हता. शेवटी न्यायाधीश एपिफानियो दुमालागान म्हणाले, "मग तो चित्रपटच दाखवा. म्हातारी मंडळी पडद्यावर ओळखतील."

शनिवारी सकाळी दहाला खेळ ठरला. न्याहारीला होबिताने क्रिस्पुलोपुढे भात-अंडे ठेवले आणि ती उभीच राहिली.

"मानोंग, आज हरलो तर हे घर जाईल. गेलेल्या अकराजणांचं तुम्ही इतकी वर्षं ऐकलंत. जिवंत आहोत त्या आमचं कधी ऐकणार?"

"होबिता!" मी म्हणाले.

"काय होबिता? तू तर मेलीस तरी बोलणार नाहीस." आणि ती ताट आपटून आत गेली. क्रिस्पुलोने अंडे संपवले.

थिएटरात न्यायाधीश मधल्या रांगेत बसले, शेजारची खुर्ची कागदपत्रांसाठी रिकामी. पलीकडे क्रिस्पुलोच्या जुन्या शिक्षिका, मायेस्त्रा उर्सुला. क्रिस्पुलो पडद्यावर जिना उतरू लागताच बाई ओरडल्या, "हाच! खांदा पाडून चालतो. सात वर्षं ओरडलेय मी त्याला, सरळ चाल म्हणून!"

लेओन्सियोचा वकील उठला. "साहेब, पडद्यावरचा इसम भूत आहे, असं चित्रपटच सांगतो. भुताची साक्ष धरता येणार नाही. शिवाय उलटतपासणी कशी घ्यायची?"

तेव्हा रांगेच्या टोकाकडून आवाज आला. "जरा पाय बाजूला घ्या."

पांढरा सूट घालून तो आत सरकत होता. पडद्यावर तो, आणि खाली तो. एक बाई किंचाळली, पुढच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या. त्याने न्यायाधीशांचे कागद उचलून त्यांच्या मांडीवर ठेवले आणि शेजारी बसला.

"आपण कोण?" न्यायाधीशांनी विचारले.

"तो काय, जिन्यावरचा."

"आपण हयात आहात?"

"कागदावर नाही, साहेब. पण दारात तिकीट मागितलं, आणि मी काढलं. मेलेल्याला कोणी तिकीट मागत नाही."

लोक हसू लागले. आधी मागून, मग सगळीकडून, आणि लेओन्सियोसुद्धा, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. तो खाली घेऊन ते म्हणाले, "मग आपली नोंद आजच..."

"सिनेमा संपू द्या, साहेब. पुढे माझं काम चांगलं आहे."

निकाल आमच्या बाजूने लागला. नोंद दुरुस्त झाली. दगडावरचे नाव मात्र त्याने काढू दिले नाही. "ते तिथे असू द्या," म्हणाला, "मी त्यांच्याकडे जात जाईन." पुढची पंधरा वर्षे तो दर रविवारी चौकात जाऊन ती बारा नावे मोठ्याने वाचे, मग समोरच्या दुकानात बसून वाडगाभर गरम बाचोयचे सूप खाई, शेवयांसकट. १९८६ला तो गेला, तेव्हा नगरपालिकेतल्या कारकुनाने दाखला देताना विचारले, "नक्की ना, या वेळी?"

लेओन्सियोबद्दल. निकालानंतरच्या रविवारी तो दारात उभा राहिला. मानांगने त्याला तासभर तसाच उभा ठेवला आणि मग पान वाढले. तेव्हापासून दर रविवारी येतो. फणस आणि तुरीचे दाणे घातलेले डुकराचे कालवण त्याला आवडते. त्याने माझी क्षमा कधीही मागितलेली नाही, आणि मीही ती केलेली नाही. आमचे बरे चालले आहे. सबब, या घराची एक खिट्टीसुद्धा लेओन्सियो अथवा त्याच्या मुलांना मिळू नये. परंतु तो जिवंत असेपर्यंत रविवारचे जेवण त्याला या घरात मिळावे, आणि कालवण दुसऱ्यांदाही वाढावे.

कलम पाचवे. घर.

हवेली, तिचे अंगण, आंब्याची झाडे, विहीर, झुंबरे, बँकेतली ठेव आणि वर न लिहिलेले जे काही असेल ते सर्व मी होबिता माकालिन्ताल हिला देते. तिला ते विकायचे असेल तर विकावे, मोडायचे असेल तर मोडावे. ती करणार नाही, पण हक्क असावा.

हे स्पष्ट लिहिण्याचे कारण असे. गेल्या ख्रिसमसला लेओन्सियोच्या मुलांनी माझ्यासमोर तिला विचारले, "तुम्ही नंतर मनिलालाच जाणार ना?" एक्केचाळीस वर्षे ती या घरात आहे. मानांगच्या शेवटच्या दुखण्यात तिला उचलून बसवणारी ती, क्रिस्पुलोची दाढी करणारी ती. माझा ताप, माझा राग आणि माझे गप्प राहणे तिने सोसले आहे. त्या दिवशी तिने हसून विषय बदलला आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती. मी ते पाहिले, आणि नेहमीसारखी गप्प राहिले. त्याची भरपाई म्हणून हे कलम.

कलम सहावे. व्यवस्था.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील रोदोरा सुमायांग यांनी करावी. त्यांनी मसुदा वाचून एकच हरकत घेतली. हक्कदाराच्या नावापुढे नात्याचा रकाना रिकामा होता. "मैत्रीण लिहू? सोबतीण? भाडेकरू तर नाही ना?" मी तिन्ही शब्द मनात म्हणून पाहिले, एकही बसेना. तेवढ्यात होबिता आतून ओरडली, "घरची लिहा, आणि तिला जेवायला पाठवा!"

म्हणून असे लिहिले आहे. नाव: होबिता माकालिन्ताल. नाते: घरची.

हे मी स्वतः वाचले, मान्य केले, आणि साक्षीदारांसमोर सही करून उठते आहे.

(सही) पुरिफिकासियोन अल्तामिरा

आम्ही खाली सह्या करणारे तिघे, ज्यांना या मिळकतीतून काहीही मिळणार नाही, असे सांगतो की बाईंनी आमच्यासमोर प्रत्येक पानावर सही केली व त्या पूर्ण शुद्धीत होत्या. पाचवे कलम वाचताना त्या थांबल्या, चष्मा पुसला, आणि पुढचे वाचन आम्हांला करायला लावले.

१. देओग्रासियास कातालान, औषध दुकानदार
२. फ्लोरदेलिसा आंपारो, निवृत्त परिचारिका
३. सिम्प्लिसियो बागुंदोल, घड्याळे दुरुस्त करणारा

स्थळ: अल्तामिरा हवेली, सांता रोसेन्दा, नेग्रोस ऑक्सिडेंटल
दिनांक: १४ मार्च २००९