पहिल्या नंबरच्या मशीनची व्यवस्था

मी, पद्माकर यल्लाप्पा कंग्राळकर, वय चौसष्ट, मूळ गाव कंग्राळी, तालुका बेळगाव, सध्या राहणार पाचवा मेन रोड, चामराजपेट, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याची दुसरी प्रत वकील श्रीवत्स यांच्याकडे आहे. तिसरी कुठे आहे ते मी कोणालाही सांगितलेले नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर मी तो पहिल्याच दिवशी ओळखला असता.

कलम १. राहते घर आणि बँकेतील सर्व ठेवी माझा एकुलता मुलगा हर्ष याला मिळाव्यात. घराच्या किल्ल्या तीन करून घेतल्या होत्या, आज चार सापडतात. चौथी कोणी आणि कशासाठी करून घेतली, हे हर्षने शोधावे. मी विचारले तेव्हा तो कानडी मिसळून म्हणाला, "पप्पा, स्वल्प विश्वास ठेवा." म्हणजे थोडा. हे उत्तर नव्हे.

कलम २. माझ्या मालमत्तेत एक क्रमवारी आहे. तिचा इतिहास दिल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत. सन १९९१ ते २००५ मी याच घराच्या खालच्या मजल्यावर व्हिडिओ गेम पार्लर चालवले. २००४ पर्यंत अजित बाळाप्पा उचगावकर हा माझा भागीदार होता. दर युगादीला, म्हणजे पाडव्याला, आम्ही दोघे बसून पहिल्या दहा गेमची यादी ठरवायचो आणि ती पत्र्यावर रंगवून दारात लावायचो. वाद व्हायचे, पण दोघांचे एकमत झाल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, असा नियम होता. २००४ साली वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी मी गावी गेलो. परत येऊन पाहतो तर स्नो ब्रदर्स पहिल्या जागेवरून नवव्या जागेवर गेला होता आणि स्ट्रीट फायटर पहिला झाला होता. अजित म्हणाला, गिऱ्हाइकांना विचारून केले. मी म्हणालो, माझ्या पाठीमागे केले. त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही. तो आपली मशिने घेऊन आनेकलला गेला आणि तिथे मिक्सर-टीव्ही दुरुस्तीचे दुकान टाकले.

लोकांना वाटेल, एवढ्यावरून कोणी मैत्री तोडते का. स्नो ब्रदर्स हा माझी पत्नी धनलक्ष्मी हिचा गेम होता. दुपारी दुकान रिकामे असले की ती गल्ल्यावरून उठून त्या मशीनवर बसायची. तिने बर्फ फक्त फ्रिजमध्ये पाहिला होता, पण राक्षसांवर बर्फ टाकून त्यांचे गोळे ढकलण्यात तिचा हात धरणारा चामराजपेटेत कोणी नव्हता. मला तो पत्रा वाचून तिचाच अपमान झाल्यासारखे वाटले. आजही वाटते.

कलम ३. अंतिम क्रमवारी अशी. पहिला स्नो ब्रदर्स. दुसरा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कारण तिघांना एकत्र खेळता येते आणि तिघांतला एक तरी दगा देतोच, ते शिकायला मिळते. तिसरा मेटल स्लग. स्ट्रीट फायटर टू चौथा. त्यात एकजण हरतो आणि रुसून घरी जातो, त्याला पहिला नंबर देणे दुकानदाराला शोभत नाही. पाचवा टेक्कन थ्री. हर्ष लोकांना सांगतो की त्याचा आवडता हाच, पण त्याला तो धड खेळताना मी पाहिलेले नाही. सहावा किंग ऑफ फायटर्स, सत्त्याण्णवचा. सातवा टेट्रिस, आठवा पझल बॉबल, नववा कॉन्ट्रा. दहावा रोड रॅश. तो पार्लरचा नाही, कॉम्प्युटरचा, पण लहानपणी हर्षने रडून यादीत घालायला लावला आणि मी शब्द मोडत नाही. ही यादी माझ्या पश्चात कोणीही बदलू नये, गिऱ्हाइकांना विचारून तर नाहीच.

कलम ४. सोल्डरिंगची हत्यारे, मल्टिमीटर आणि जॉयस्टिकचे सुटे भाग आधीच्या कच्च्या मसुद्यात एका व्यक्तीला दिले होते. ते खोडले आहे, कारण कलम ८ मध्ये आहे. आता ते हर्षने ठेवावेत आणि निदान एकदा हातात घ्यावेत.

कलम ५. स्नो ब्रदर्सचे मशीन वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत आहे. १४ जानेवारी २०१८ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, धनलक्ष्मीने त्यावर ३,८६,४०० गुण केले आणि पहिल्या जागेवर डी एच ए ही आपली अक्षरे घातली. मशीन बंद केले की गुण पुसले जातात, आमच्या बोर्डाला आठवण ठेवता येत नाही. ती म्हणाली, "राहू दे की, उद्या परत बघते." म्हणून बंद केले नाही. पुढच्या वर्षी ती गेली. तेव्हापासून ते बंद झालेले नाही. पिक्चर ट्यूबला वेगळा स्विच बसवला, बोर्डाला इन्व्हर्टर दिला, आणि प्लगला दोरा बांधला, म्हणजे कोणी हात लावला तर कळेल.

या सप्टेंबरमध्ये हृदयाच्या दुखण्यासाठी मी अकरा दिवस इस्पितळात होतो. घरी आलो, आधी मशीनकडे गेलो. दोऱ्याची गाठ माझी नव्हती. पडद्यावर डी एच ए होते, पण गुण ३,८६,९००. खालच्या चार जागांवर माझी आणि हर्षची अक्षरे असायची, तिथे कारखान्यातून येतात ती नावे होती. म्हणजे मशीन बंद झाले होते आणि कोणीतरी माझ्या बायकोच्या नावाने खोटा आकडा उभा केला होता.

मी बारा दिवस फक्त पाहत राहिलो. हर्ष माझी नजर चुकवत होता. सून सिद्धी हिच्यावर माझा पहिल्यापासून संशय होता. ती पुण्याची, इंदिरानगरला कॉम्प्युटर कंपनीत, आणि इन्व्हर्टरचा आवाज तिला आवडत नाही. तेराव्या दिवशी चहा देताना तीच म्हणाली, "बाबा, प्लग मी काढला. तुम्ही यायच्या आधी खोली पुसायची होती. मला माहीत नव्हतं. हर्षने सांगितलं तेव्हा मी तिथेच फरशीवर बसून राहिले."

पुढचेही तिनेच सांगितले. धनलक्ष्मीच्या फोनच्या डायरीत तिने अजितचा नंबर शोधला आणि त्याला फोन केला. तो आनेकलहून बसने सहा दिवस रोज आला, सकाळी मशीनवर खेळायला बसायचा, संध्याकाळी उठायचा. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आणि बोटे आखडलेली, त्यामुळे पाच दिवस तेवढे गुण जमले नाहीत. सहाव्या दिवशी जमले. जाताना त्याने दोरा बांधला आणि सिद्धीला म्हणाला, त्याला कळणारच, पण कळेपर्यंत राहू दे.

कलम ६. आता माझी शंका. सिद्धीने अजितला विचारले होते की आकडा कुठे मिळेल, फोटो तर नाही. तो म्हणाला, "नको. ठाऊक आहे." चौदा वर्षे आधी भांडून गेलेल्या माणसाला २०१८ सालचा आकडा ठाऊक कसा? दुसरे असे. २००४ साली अजितकडे मोबाइल नव्हता. मग धनलक्ष्मीच्या डायरीत, तिच्या अक्षरात, त्याचा मोबाइल नंबर आला कुठून? मी तिला सहासष्ट साली जन्मलेली, एकोणनव्वदला लग्न झालेली, माझ्यापासून काही न लपवणारी बाई म्हणून ओळखतो. हे दोघे माझ्या पाठीमागे बोलत होते. किती वर्षे आणि काय, याचा विचार करून माझी झोप गेली आहे.

कलम ७. मशीन सिद्धीला द्यावे. चूक करणारे घरात पुष्कळ आहेत, कबूल करणारी ती एकटी. माझ्यानंतर ते चालू ठेवण्याचे बंधन तिच्यावर नाही.

कलम ८. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर पुढे वाद निघतो, असे वकील श्रीवत्स सांगतात. म्हणून मी अजित उचगावकर याला काहीही ठेवलेले नाही आणि त्याला साक्षीदार म्हणून बोलावले आहे. साक्षीदाराने माझ्या समोर बसणे कायद्याने भाग आहे. त्याने कलम ६ वाचून खाली स्वतःच्या हाताने उत्तर लिहावे. मग मी सही करीन, मग तो. उत्तर दिले नाही तर हा कागद रद्द. वकील म्हणतात असे कुठे असते. इथे आहे.

साक्षीदाराचे उत्तर:

कलम ६ वाचले. वहिनी मला दर युगादीला फोन करायच्या. मला अजितण्णा म्हणायच्या. पहिला फोन दुकानात आला, मोबाइल घेतल्यावर नंबर मीच दिला. पद्माकरला सांगायचे नाही अशी अट होती, कारण त्याला आवडणार नाही म्हणायच्या. बोलणे त्याचेच. गोळ्या घेतो की नाही, रागावतो किती, असे सांगायच्या. संक्रांतीच्या दिवशी आकडा सांगायला वेगळा फोन केला, मी कागदावर लिहून घेतला. पाचशे गुण जास्त झाले ती माझी चूक, थांबायला हात उशिरा ऐकतो. चौथी किल्ली हर्षने माझ्या येण्याजाण्यासाठी करून घेतली होती, ती मी परत दिली. शेवटचा फोन इस्पितळातून होता. म्हणाल्या, ते एक दिवस बोलावतील, तेव्हा कारण विचारू नका, या. काल वकिलांचा फोन आला. मी विचारले नाही.

उत्तर वाचले. कलम ६ मधील शेवटची दोन वाक्ये मी खोडली आहेत. खाडाखोड माझीच, कोणाच्या दबावाखाली नाही.

सही: पद्माकर यल्लाप्पा कंग्राळकर

साक्षीदार १: श्रीवत्स, वकील, चामराजपेट
साक्षीदार २: अजित बाळाप्पा उचगावकर, आनेकल

ठिकाण: बेंगळुरू
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५