गोडाऊनला न विचारता

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला अजून तुमच्याशी भांडायचंच आहे. आज ऐकून घ्या. मधेच ओरडायला आता तुम्ही नाही.

तो दिवस आठवा. लग्नसराई आहे, दुकानात मैंदर्गीचं गिऱ्हाईक बसलंय, आहेराला एकाच नमुन्याच्या चादरी हव्यात. मी गोडाऊनकडे वळते तर तुम्ही गल्ल्यावरून ओरडता, "सारखं गोडाऊनला काय पळतीस गं? डोस्क्यात ठेव की! तवर गिऱ्हाईक उठून जातंय." सकाळी माल मीच लावला होता, म्हणून "आहेत" म्हणाले. पण मधल्या वेळात पलीकडच्या काउंटरवरून धाकट्या भावानं सगळा गठ्ठा विकून टाकला होता, आणि अवाक्षर बोलला नव्हता. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं उठून गेलं, आणि सगळ्यांदेखत तुम्ही मला म्हणालात, "पोरीच्या जातीला दुकान न्हाय जमायचं." दुसऱ्या दिवसापासून माझा काउंटर बंद. मी आईपाशी ज्वारी निवडत बसले आणि तुमच्या नावानं बोटं मोडली. पुढं हट्टानं कॉम्प्युटर शिकले, तो त्याच रागावर.

गेल्या महिन्यात धाकटा माझ्या दारात. दुकानाच्या वेबसाइटवर एकच चादर दोघादोघांना विकली जात होती. उघडून बघितलं आणि मला हसूच फुटलं. तीन सर्व्हर, म्हणजे आपले तीन काउंटरच. शिल्लक माल किती, हे प्रत्येकानं आपापल्या डोक्यात, म्हणजे कॅशमध्ये (गल्ल्यातली कॅश नव्हे, सर्व्हरची तात्पुरती आठवण), धरून ठेवलेलं. उत्तर झटपट, पण एकानं विकलं तर दुसऱ्याला पत्ता नाही. अगदी तुमच्या शिकवणीतले!

"दुरुस्त करते," मी म्हटलं, "आधी त्या दिवसाचं बोल."

त्यानं मान खाली घातली. "मीच विकल्या हुत्या, अक्का. अप्पांना त्याच सांजंला सांगितलं. ते म्हणले, गप बस, आता कशाला."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! माहीत असून त्या रात्री माझ्या हातची भाकरी खाल्लीत. लाज नाही वाटली, अप्पा?

दुरुस्ती केली. आधी प्रत्येक गोष्ट डेटाबेसला, म्हणजे आपल्या गोडाऊनला, विचारायला लावली, तर साइट इतकी रखडली की सणाच्या गर्दीत गिऱ्हाईक खरंच उठून जाऊ लागलं. मग नुसतं बघणाऱ्याला डोक्यातलं उत्तर, आणि विकत घेताना मात्र गोडाऊनला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही, असं ठरवलं. म्हणजे निम्मं तुमचं बरोबर होतं. हे लिहितानासुद्धा माझा जळफळाट होतोय.

पण सूड घेतलाच मी. साइटच्या पहिल्या पानावर हार घातलेला तुमचा मोठा फोटो होता, तो काढून टाकला. धाकटा काहीतरी बोलायला लागला, तेव्हा म्हटलं, "गप बस, आता कशाला."

फोटो, पत्ता असल्या क्वचित बदलणाऱ्या गोष्टी मी प्रत्येक सर्व्हरच्या डोक्यातच राहू दिल्यात. त्यामुळे दोन सर्व्हर पुसून घेतले तरी तिसरा तुम्हाला अजून धरून बसलाय. पान उघडलं की तिघांपैकी कुठला सर्व्हर ते दाखवेल त्यावर कधी तुम्ही असता, कधी नसता. तिसरा पुसणं एका ओळीचं काम आहे, अप्पा. रोज पुसायचं म्हणून बसते, आणि तुम्ही दिसेपर्यंत पान पुन्हापुन्हा उघडत राहते.