चाळिसावी लाइन

२ डिसेंबर, सोमवार
शाहूपुरीतल्या ऑफिसात आज रुजू झाले. तिसरा मजला, सकाळचं ऊन थेट टेबलावर. दूध कंपनीच्या कॉल सेंटरची टेलिफोन यंत्रणा नव्याने आखायची, हे माझं काम. फोन कुणाचा, कुठल्या गावचा हे उचलण्याआधीच पडद्यावर दिसावं आणि तो योग्य माणसाकडे जावा. शेजारच्या टेबलावरच्या क्रांतीने डब्यातला झुणका आग्रहाने वाढला. हातकणंगल्याला अम्मीला फोन करून सांगितलं, तुझी नुजहत आता मॅडम झाली.

४ डिसेंबर, बुधवार
जुन्या यंत्रणेचा नकाशा कागदावर काढला. एकोणचाळीस लाइनींवर माणसं बसतात. चाळिसाव्या लाइनीवर कुणीच नाही, तरी तिथे एक फोन थांबलेला दिसतो. नाव अंबूबाई, गाव नदीकाठचं. थांबल्याचा वेळ तीन वर्षं चार महिने. नोंद चुकली असणार.

६ डिसेंबर, शुक्रवार
ती नोंद पुसली. जेवून आले तर परत हजर. शेवटी हेडफोन लावून हॅलो म्हटलं. एक म्हातारी खोकत होती.
"कोण हाय? दार उघडंना की गं. पाणी गुडघ्याला लागलंय."
सकाळपासून फोन धरून बसलीय म्हणाली. आता ठेवू नको म्हणाली.
मी ठेवला.

७ डिसेंबर, शनिवार
मॅनेजर अमरसिंह सरांना विचारलं. आधी हसले, मग नाव ऐकून खुर्चीत बसले. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात लोक दुधाच्या कार्डावरचा नंबर लावत होते, बोट पाठवा म्हणून. "दुधाचं सोडून काय आलं की चाळीसवर टाका म्हटलं मी. तिथं कोण बसतच न्हवतं." अंबूबाई चौथ्या दिवशी घरात मेलेली सापडली, दार पाण्याने फुगून घट्ट बसलेलं. लाइन कापून टाक आणि गप बस, असं बजावून ते निघून गेले.

९ डिसेंबर, सोमवार
वायर मी स्वतः कापली. दहा मिनिटांत चाळीसचा फोन माझ्या टेबलावर वाजला. पाणी कमरेला आलंय. तिने माझं नाव विचारलं, मी सांगून बसले. ठेवायला गेले की रडते, "नुजहत, जाऊ नगंस, एकटीच हाय मी." दोन तास उठता आलं नाही. क्रांतीने हेडफोन कानाला लावून पाहिला. म्हणाली, यात काहीच नाही.

१० डिसेंबर
राजीनामा टेबलावर ठेवून निघाले. मंगळवार पेठेतल्या खोलीवर पोचते तोच मोबाइल वाजला. पडद्यावर अंबूबाई. मोबाइल बंद केला. बंद मोबाइल वाजतो. पाणी छातीला.
चालू करून अम्मीला लावला. उचलला — अम्मीने नाही.

११ डिसेंबर
दुपार. बाहेर लख्ख ऊन. कडी निघते, दार निघत नाही. खांदा लावला — खिडकीतून हाका मारल्या — खाली माणसं जातायत, कुणी वर बघत नाही —

फोन ठेवता येत नाही. ठेवला तर ती एकटी. आता रडतही नाही. घाबरू नगं म्हणते, मलाच —

आत्ता विचारलं तिने. "माज्या गळ्याला लागलं बघ. तुज्याकडं कुठवर आलंय?"

वही मांडीवर आहे — पानं खालून ओली —