पिकनिकचं रीळ

डोव्हर जंक्शन, नेब्रास्का
२० नोव्हेंबर १९५७

चि. आर्विडला ताईचे आशीर्वाद, वि. वि.

नाही रे बाबा, मी कशाला उघडू तुझं पार्सल? या बसमधून उतरवायचं, त्या बसमध्ये चढवायचं. मधे तासभर माझ्या गल्ल्यावर, डोनटच्या ताटाशेजारी पडून असतं, एवढंच. सामन्याआधी एकमेकांना आपल्या खेळाची फिल्म पाठवायची ही तुम्हा फुटबॉल कोच लोकांची रीतच मला मेलीला कळत नाही. शत्रूला बोलावून स्वतःचं कपाट दाखवण्यातला प्रकार!

आता समोरच्या संघाच्या त्या प्रुइटसाहेबांना तुझ्या खेळाऐवजी आपली चर्चची पिकनिक दिसली, आणि सात-सहाने हरले बिचारे. तुझा काय गुन्हा? अकरा वर्षं मैदानावर चुना तूच टाकतोस, पोरांच्या जर्सी तूच धुतोस. यंदा सात सामने हरून एक जिंकलास, तर तोंड पाडून बसलास होय? इडाला म्हणावं, नवऱ्यासाठी केक कर.

आणि हो, साहेबांनी ते रीळ शेवटपर्यंत पाहिलं का, तेवढं कळव.

माया आहेच, ती जर्सीसारखी आटवू नकोस.

तुझी ताई,
सेल्मा


२३ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुला थट्टा सुचतेय, इथं माझी नोकरी चाललीय. प्रुइटने शालेय सामन्यांच्या समितीकडे तक्रार केलीय, की मी मुद्दाम भलतं रीळ पाठवलं. शनिवारी सुनावणी आहे. विजय रद्द झाला तर पुढच्या वर्षी दुसरा कोच बघू, असं आमचे प्राचार्य चहात साखर ढवळता ढवळता म्हणाले.

तू विचारलंस म्हणून सांगतो, त्याने ते तीनदा पाहिलं. त्याला वाटलं, यात माझी एखादी छुपी चाल आहे. पोत्याच्या शर्यतीत पाद्रीबाबा कुठून वळतात, हे म्हणे त्याने फळ्यावर बाण काढून पोरांना समजावलं. इडा हसून हसून खुर्चीवरून घसरली. मला काही हसू येईना.

त्या दिवशी दोन डबे एकाच बसने पाठवले होते, पिकनिकचा तुला, खेळाचा त्याला. घाईत नावाच्या चिठ्ठ्या मीच उलट्या चिकटवल्या असणार. शनिवारी तसं कबूल करून विजय परत देईन. मग तुझ्याकडे बशा धुवायला येतो.

हरलेल्या भावावर जरा जास्तच लोभ ठेव.

तुझा,
आर्विड


२६ नोव्हेंबर

चि. आर्विडला आशीर्वाद, वि. वि.

खबरदार काही कबूल केलंस तर! विजय म्हणजे काय शेजाऱ्याची शिडी, नेली आणि परत दिली? पोरं चिखलात लोळून जिंकलीत. तुझ्या चिठ्ठ्या बरोबर होत्या. किटलीच्या वाफेवर धरून त्या मी सोडवल्या आणि अदलाबदल केली. शनिवारी दुकान बंद ठेवून पहिल्या बसने येते आणि प्रुइटसाहेबांच्या तोंडावर समितीला तेच सांगते. पुन्हा खेळा म्हणाले तर पुन्हा खेळा, पण तुझी नोकरी माझ्या पायी जायची नाही.

इडाला आशीर्वाद. रागावलास तर रागाव, पण बस-स्टॉपवर घ्यायला ये.

तुझी ताई,
सेल्मा

ता. क. मी हे तुझ्यासाठी केलं अशा भ्रमात राहू नकोस. सामना माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता. हा माणूस दोन वर्षं दर बुधवारी माझ्याकडे कॉफी पितो आणि वहीतून मान वर काढत नाही. त्या रिळात मी निळ्या झग्यात आहे. तुझे भावोजी जाऊन सहा वर्षं झाली, आर्विड. मला प्रुइट आवडतो.