डिझेलच्या मागं मागं

आत्या, आज तुमचा छोटा ट्रॅक्टर माझ्याच हातानं नीट झाला, आणि हे ज्यांना सांगावं अशा तुम्ही, तर तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. चार दिवस त्याचं एकच चाललं होतं. पाव तास नीट चालायचा, मग कण्हत कण्हत थांबायचा, जरा विसावा दिला की पुन्हा सुरू, पुन्हा तेच. इकडे डाळिंबाला फळं धरलेली, वर आभाळ भरून आलेलं. अशा हवेत फळावर तेल्या रोग यायला वेळ लागत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. पण ह्यांचा, म्हणजे तुमच्या लेकाचा, धीर पहिल्याच दिवशी सुटला. मिस्त्रीला फोन झाले, फिल्टर नवा टाकून झाला, आणि काल जेवताना म्हणाले, "भंगार झालंय ते. उद्या संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकू. फवारणी ठेक्यानं करून घेऊ." मी वाढता वाढता थांबले. मोठ्या ट्रॅक्टरला ते कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणजे हा गेला की माझ्या हातातलं स्टिअरिंग गेलं आणि खुरपं आलं. खुरप्याला मी कमी लेखत नाही, पण त्या सीटवर बसून निघाले की रस्त्यातली माणसं बाजूला होऊन मला वाट देतात, आणि ते मला फार आवडतं. ते मला सोडायचं नव्हतं. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत मला बघू द्या." ते हसले आणि आमटी मागितली.

मी भिंगारची. वडील कॅन्टोन्मेंटमध्ये नोकरीला, क्वार्टरच्या दारात कुंडीतली तुळस, एवढीच माझी शेती. लग्न होऊन पारनेरकडच्या या माळावर आले आणि पहिल्याच आठवड्यात तुम्हाला पाहिलं. लुगडं वर खोचलेलं, अंगात मामंजींचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, आणि डाळिंबाच्या दोन ओळींमधून तुम्ही ट्रॅक्टर असा नेताय की एक फांदी हलत नाही. मामंजी मात्र चार हात लांब, बांधावर. मला हसू आलं. तुम्ही खाली न उतरताच म्हणालात, "हसती काय? उद्यापासनं तुलाच बसायचं हाय हितं." दुसऱ्या दिवशी खरंच बसवलंत. तुम्हाला थट्टा म्हणून करताच येत नाही, असं मला कैक वर्षं वाटत होतं.

माझ्या हातात तो पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी किल्लीच फिरवत बसले होते. घर्र, घर्र, घर्र. तुम्ही विहिरीवरून ओरडत आलात, "अगं, त्या बॅटरीला कशापायी मारती? तिनं काय केलंय?" माझ्याकडून किल्ली काढून कनवटीला लावलीत आणि मला खाली उतरवलंत. "डिझेल टाकीतनं निघतं आन् इंजनात जातं. वाटंत कुठं अडलं ते बघायचं. सुटल्याली म्हस हुडकताना कसं, तसं मागं मागं जायचं. मधीच उडी मारायची न्हाई." टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का, फिल्टरमध्ये पाणी साठलंय का, पाइप सैल केला की धार पडते का, धारेत बुडबुडे आहेत का. बुडबुडे असले तर हवा निघून नितळ धार लागेपर्यंत पंपाची दांडी हातानं मारत राहायची. त्या दिवशी मी कोपरापर्यंत माखले. हात दोनदा साबणानं धुतले तरी रात्रीच्या भाकरीला डिझेलचा वास आला, आणि मला चुलीपुढंच रडू फुटलं. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकलात. "खा. म्या कवाधरनं खातीय."

आणि ती संक्रांत! हळदीकुंकवाला वस्तीवरच्या बायका जमलेल्या. सगळ्यांना तुम्ही वाण म्हणून स्टीलची वाटी दिलीत. माझी पाळी आली तेव्हा पदराखालून दहा-अकराचा पाना काढलात, त्याला हळदकुंकू लावलंत आणि माझ्या ओंजळीत ठेवलात. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एक म्हणाली, "आवं, सुनंला पाना कुणी देतं व्हय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "वाट्या हायेत की तिला घरात." मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण आत्या, माहेरच्या एकाही दागिन्याचं मला त्या पान्याइतकं अप्रूप उरलं नाही. तुमच्यासारखी बाई मी पुन्हा पाहिली नाही, आणि हे तुमच्या तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही मला शेण काढायला पाठवलं असतं.

तर आज सकाळी तो पाना घेऊन बागेत गेले. बंद पडेपर्यंत चालवला आणि थांबल्याबरोबर खाली उतरले. किल्लीला पुन्हा हात लावला नाही. कॉक उघडा होता. फिल्टरकडे येणारा पाइप सैल केला तर धार नाही, नुसतं थेंब थेंब. म्हणजे अडलंय ते त्याच्याही मागं, टाकीकडेच. डिझेल किती आहे ते बघावं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, तर सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि खाली पाइपातून भळाभळा डिझेल माझ्या पायावर! झाकण उलटं करून पाहिलं. हवा जायला त्याला जे बारीक भोक असतं, त्यात कुंभारीण माशीनं घर बांधून ठेवलं होतं. वरून हवा येईना म्हणून खाली डिझेल उतरेना, आणि विसाव्यात कुठून तरी थोडी हवा झिरपली की हा पुन्हा चालू. बांगडीतली सेफ्टी पिन काढून ती माती टोकरली, फुंकर मारून पाहिली. पाइप बसवला, लाइनमधली हवा काढली. नंतर सगळी बाग फवारून झाली, एकदाही कण्हला नाही.

हे बांधावर येऊन थांबले होते. "काय झालं होतं?" सेफ्टी पिन मी केव्हाच बांगडीत परत अडकवली होती. फडक्यानं एकेक बोट पुसत म्हटलं, "हवेचा फॉल्ट होता. लई खोलावं लागलं. तुम्हाला नाही कळायचं." त्यांनी खिशातून मोबाइल काढला. मग गिऱ्हाइकाला फोन लावला, "नका येऊ. द्यायचा न्हाई आता. मिस्त्री घरातच हाय आमच्या." आणि घरी आल्यावर त्यांनी स्वतः चहा टाकला. पाणचट झाला होता, पण कप हातात घेतला आणि मला एकदम मामंजी आठवले. तुम्ही अर्धी दुपार ट्रॅक्टरपाशी काढून, हात काळे करून यायचात. ते विचारायचे, काय झालं होतं? तुम्ही म्हणायचात, "तुमाला न्हाई कळायचं." आणि चुलीला कधी हात न लावणारे मामंजी गुपचूप उठून तुमच्यासाठी चहा ठेवायचे.

माशीच्या घराचं मी कुणालाही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्यामुळे हे पत्र घरात ठेवायची सोय नाही. उद्या पाणी तापवताना बंबात जाईल. तेवढ्यात एक विचारून घेते. तुमच्या त्या सगळ्या दुपारींत, आत्या, खरं सांगा, किती वेळा नुसतं झाकणच होतं?